रोजच्या कामांतून लहान मुलांच्या सहवासाचा आनंद कसा घ्यावा

एक ते पाच वर्षांच्या मुलांचे आईवडील मुलांच्या कौतुकाबद्दल बोलू लागले की बोलणे बहुधा पहिल्या पावलावर, पहिल्या वाढदिवसावर किंवा दिवाळीच्या सुटीतल्या सहलीवर जाते. असे प्रसंग वर्षातून बोटांवर मोजण्याइतके येतात. उरलेले दिवस अंघोळ, न्याहारी, पाळणाघराची पिशवी, ओल्या चड्ड्या, ताटाबाहेर गेलेले वरण, तिन्हीसांजेची किरकिर आणि रात्री झोपेसाठी केलेली मनधरणी यांत जातात. ही कामे उरकून मग मुलाबरोबर निवांत बसू, असे ठरवणाऱ्या घरांत ती निवांत वेळ क्वचितच येते, कारण कामे उरकेपर्यंत मूल झोपलेले असते किंवा आईवडील पेंगुळलेले असतात. त्यामुळे मुलाच्या सहवासाचा आनंद हवा असेल, तर तो या कामांच्या आतच मिळेल अशी सोय करावी लागते. ती कशी करावी, हे येथे मांडले आहे.

सुरुवातीलाच एक सल्ला बाजूला ठेवणे आवश्यक आहे. ‘हे दिवस पुन्हा येणार नाहीत, प्रत्येक क्षणाचा आनंद घ्या,’ असे लग्नकार्यात भेटलेली एखादी लांबची मावशी हमखास सांगते. तिचा हेतू चांगला असतो आणि वाक्याचा पहिला अर्धा भाग खराही असतो. पण रात्री दोन वाजता उलटीने भिजलेली चादर बदलणाऱ्या माणसाला त्या क्षणाचा आनंद होत नाही आणि तो व्हावा असे काही कारणही नाही. प्रत्येक क्षणाची सक्ती स्वतःवर लादली की आनंद वाढत नाही, तो न झाल्याची टोचणी तेवढी वाढते. त्यापेक्षा दिवसातील दोन, फार तर तीन कामे निवडावीत, ती मुलाच्या वेगाने करावीत आणि बाकीची सगळी आपल्या वेगाने, मनात कसलाही सल न ठेवता उरकावीत. माझ्या मते लहान मुलांच्या घरात जमण्यासारखा आणि टिकण्यासारखा मार्ग हाच आहे.

मुलाचा वेग आणि आपला वेग

दीड-दोन वर्षांचे मूल स्वतः सँडल घालायला बसले असता एकदा नुसते पाहावे. ते आधी एक सँडल उचलते, तिचा पट्टा उघडते, चर्र असा आवाज आला म्हणून पुन्हा चिकटवते आणि पुन्हा उघडते. मग ती चुकीच्या पायात घालून पाहते. अंगठा बाहेरच राहतो. ते सँडल उलटी करते, तळाच्या खाचेत अडकलेला खडा नखाने उकरून काढते, तो आपल्यापुढे धरते आणि आपण काही बोलेपर्यंत हात खाली घेत नाही. दारात किल्ली घेऊन उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या लेखी एवढ्या वेळात काहीच झालेले नसते, कारण सँडल अजून पायात गेलेली नाही. मुलाच्या लेखी मात्र पट्टा झाला, आवाज झाला, खडा झाला आणि तो खडा कोणाला तरी दाखवूनही झाला.

इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी (1870–1952) यांनी 1907 मध्ये रोममध्ये मुलांसाठी पहिले ‘बालगृह’ सुरू केले आणि 1939 पासून काही वर्षे त्या भारतातही राहिल्या. मोठी माणसे काम संपावे म्हणून काम करतात, तर मूल ते करता करता स्वतः घडत असते, हे त्यांनी अतिशय बारकाईने नोंदवले. पुसून लख्ख झालेला पाट मूल पुन्हा का पुसते आणि भरलेला पेला बादलीत रिकामा करून पुन्हा का भरते, याचा उलगडा या एका निरीक्षणाने होतो. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालवाडीचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी विकतच्या साधनांच्या मागे न लागता शंख, शिंपले, बिया, पाने, दगड अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांचे शिक्षण उभे केले आणि जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. मुलाला त्याच्या जगातून उचलून आपल्या सोयीच्या जागी आणण्याऐवजी आपण तिकडे जावे, हा त्यामागचा विचार घरातल्या पालकांनाही तितकाच लागू पडतो. फरक इतकाच की येथे जायचे अंतर ओट्यापासून जमिनीपर्यंतचे असते.

वेग जुळत नाही याचे आणखी एक साधे कारण आहे. ‘दहा मिनिटांत निघायचे आहे’ या वाक्याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो, कारण घड्याळातील वेळेची कल्पना त्याच्या ठायी अजून तयार झालेली नसते. ‘एवढ्या दोन पोळ्या झाल्या की निघू’ हे त्याला समजते, कारण पोळ्या दिसतात. घाईच्या कामांत वेळेचे माप असे डोळ्यांना दिसणारे द्यावे. त्याने किरकिर पूर्णपणे थांबत नाही, पण निम्म्यावर येते.

कोणती कामे निवडावीत

काम रोजचे असावे, आठवड्यातून एकदाचे नसावे. त्याच्या शेवटाला घड्याळ बांधलेले नसावे. म्हणून सकाळी शाळेची व्हॅन येण्यापूर्वीचा अर्धा तास या यादीतून सरळ वगळावा आणि तो घाईनेच पार पाडावा. मुलाच्या हाताला करण्यासारखे त्यात काहीतरी असावे. आणि हे सर्वांत महत्त्वाचे, की ते काम आपल्याला मुळात नकोसे वाटणारे नसावे. ज्या आईला स्वयंपाकघरात कोणीही मध्ये आलेले खपत नाही, तिने मुलाला कणकेचा गोळा देण्याचा अट्टाहास करू नये. तिने कपड्यांच्या घड्या घ्याव्यात. ज्या बापाला बागेत झोपाळ्याजवळ उभे राहण्याचा कंटाळा येतो, त्याने मुलाला संध्याकाळी अंघोळ घालण्याचे काम घ्यावे.

जेवण भरवणे हे काम पुष्कळांना आधी सुचते, परंतु ते शक्यतो निवडू नये. पोटात किती गेले याची काळजी आईवडिलांच्या मनात सतत चालू असते, आणि काळजी चालू असताना वेग सैल सोडता येत नाही. चिऊ-काऊचा घास खिडकीत बसून भरवण्यात गंमत आहे हे खरे, पण ज्या घरात ताटावरून रोज रणकंदन होते तेथे आधी ते मिटू द्यावे.

नोकरी करणाऱ्या आणि सात वाजता घरी पोहोचणाऱ्या पालकांसाठी अंघोळ किंवा हातपाय धुणे, उद्याची भाजी निवडणे आणि झोपण्यापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे हा संच चांगला जमतो. घरी असणाऱ्यांनी दुपारच्या वाळलेल्या कपड्यांचाही विचार करावा. एकदा निवडले की निदान महिनाभर तीच कामे ठेवावीत. मुलाला पुन्हा पुन्हा तेच हवे असते, आणि आपल्यालाही त्यातले बारकावे दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

निवडलेल्या कामापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. त्याला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ धरावी, आणि गॅस बंद करावा. दुसरी गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या माणसाचे लक्ष मुलाकडे नसते, आणि मुलाला ते लगेच कळते.

मेथीची जुडी

भाजी निवडण्याचे काम जवळून पाहू, कारण इतर कामांतही थोड्याफार फरकाने हेच घडते.

जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरावे, त्यावर मेथीची एकच जुडी सोडावी आणि मुलाला स्वतःची वाटी द्यावी. वाटी स्टीलची असावी, म्हणजे फुटण्याचा प्रश्न उरत नाही आणि वाजवण्याची सोयही होते. आपण एक काडी घेऊन सावकाश, त्याला दिसेल अशा बेताने पाने खुडावीत आणि थांबावे. ‘असे कर, तसे नको’ असे म्हणू नये. दोन वर्षांचे मूल पहिल्या दिवशी पाने वाटीत आणि काड्याही वाटीत टाकेल, मग सगळी वाटी डोक्यावर उपडी करेल. तीन वर्षांचे मूल पान खुडून आधी त्याचा वास घेईल, एखादे चावून तोंड वेडेवाकडे करेल आणि नंतर आजोबांनाही एक पान नेऊन देईल. चार वर्षांचे मूल माती कुठून आली, मुळांना पाय म्हणतात का, भाजीवालीच्या घरी मेथी उगवते का, असे विचारू लागेल. या कामातून भाजी निवडून होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. जुडीचा निम्मा भाग आधीच निवडून ठेवला असेल तर रात्रीच्या जेवणाची चिंता उरत नाही, आणि ती उरली नाही की समोर चाललेले दिसू लागते.

हे दिसणे फार सूक्ष्म असते. आंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत देठ धरण्याचा प्रयत्न, तो निसटला की भुवयांची होणारी हालचाल, जमले की लगेच आपल्या तोंडाकडे टाकलेला कटाक्ष. त्या कटाक्षाच्या वेळी आपण मान खाली घालून दुसरी काडी शोधत असलो तर तो वाया जातो. या सगळ्या पद्धतीत पालकाने पाळायचे एकच खरे पथ्य असेल तर ते हे की मूल वर पाहील तेव्हा आपण तेथे असावे.

हिवाळ्यात मटार, पावसाळ्यात मक्याची कणसे आणि वर्षभर लसूण, कढीपत्ता, कोथिंबीर असे बदल करता येतात. मात्र तीन-चार वर्षांखालील मुलाच्या हाती मटारचे सुटे दाणे, शेंगदाणे, हरभरे, चिंचोके देऊन ओट्याकडे वळू नये. या वयाची मुले दाणे नाकात घालतात, आणि घशाखाली जाताना ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खराखुरा असतो. अगदी लहानांना मेथी आणि कोथिंबीरच बरी.

काय बोलावे आणि कधी गप्प बसावे

हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्राने मूल आणि मोठे माणूस यांच्यातील छोट्या छोट्या देवाणघेवाणीला टेनिसच्या परिभाषेतून ‘सर्व्ह अँड रिटर्न’ असे नाव दिले आहे. मूल काहीतरी टाकते, म्हणजे बोट दाखवते, हुंकार देते, खडा पुढे करते. मोठे माणूस ते परतवते, म्हणजे तिकडे पाहते, नाव घेते, हसते. आणि मग पुन्हा मुलाची पाळी येते. मेंदूच्या जडणघडणीचा पाया अशा देवाणघेवाणीतून घातला जातो, असे या केंद्राचे प्रतिपादन आहे. पालकांच्या दृष्टीने यातील सोपा भाग परतवण्याचा आणि अवघड भाग थांबण्याचा. आपण बोलल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. लहान मुलाला ऐकलेले समजून घेऊन प्रतिसाद जुळवायला मोठ्यांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि तिसऱ्या आकड्याला आपण पुढचे वाक्य सुरू केले तर त्याची पाळी आपणच खाऊन टाकतो.

आपल्या घरांत एक खोड फार मुरलेली आहे, ती म्हणजे मुलाशी बोलण्याचे रूपांतर तोंडी परीक्षेत करण्याची. ‘हा रंग कोणता? हे किती? मावशीला नाक दाखव. ए फॉर काय?’ पाहुणे आले की ही परीक्षा जाहीरपणे होते. निवडलेल्या कामाच्या वेळेपुरते तरी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारणे बंद करावे आणि त्याऐवजी जे दिसते ते साधेपणाने सांगावे: ‘हे पान फाटले.’ ‘याला पाणी लागले आहे.’ मुलाला यात काही सिद्ध करावे लागत नाही, म्हणून ते अधिक बोलते.

बोबडे बोल आणि चुकीची रूपे यांचा आनंद घ्यावा, त्यांची चेष्टा करू नये. ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ असे म्हणणारे मूल भाषेत मागे पडलेले नसते. ‘बसला’, ‘उठला’ यांवरून त्याने नियम काढलेला असतो आणि तो नियम ते नेकीने सगळीकडे लावत असते. उत्तरात ‘हो, तू केलंस’ असे बरोबर रूप सहज यावे, एवढे पुरे. चार वर्षांच्या आसपास सुरू होणाऱ्या ‘का?’ या मालिकेबद्दल मात्र प्रामाणिक असावे. पहिल्या तीन ‘का’ना उत्तर द्यावे आणि चौथ्याला ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. बरेचदा प्रश्न विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असते आणि ते आपल्या उत्तरापेक्षा रंजक असते. लपाछपीत तेच पडद्याचे टोक धरून, पाय बाहेर ठेवून उभे राहणारे आणि ‘मी इथे नाहीये’ असे आतून ओरडणारे मूल आपल्याला फसवत नसते. दुसऱ्याला काय दिसते याचा अंदाज त्याला अजून पुरता आलेला नसतो. हे माहीत असले की आपण सोफ्याखाली, कपाटामागे, डब्यात असे अधिक वेळ शोधतो, आणि खेळ लांबतो.

मोबाइल कुठे ठेवावा

दुसऱ्या खोलीत ठेवावा. खिशात किंवा पालथा घालून जवळ ठेवणे पुरत नाही, कारण तो वाजला नाही तरी आपण त्याची वाट पाहत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा पाहू देऊ नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला तो दिवसातून जास्तीत जास्त एक तास द्यावा आणि त्यापेक्षा कमी दिल्यास उत्तम. याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल मिळावी असे म्हटले आहे. तीन तास ऐकून दडपण येते, परंतु कपड्यांच्या ढिगात लोळणे, बादलीपर्यंत मग नेणे, जिने चढणे हे सगळे त्यात धरले जाते.

छायाचित्रांचा प्रश्न वेगळा आहे. मूल काही गोड करू लागले की हात आपोआप मोबाइलकडे जातो, मूल ते करणे थांबवून कॅमेऱ्याकडे पाहू लागते आणि जे टिपायचे होते तेच संपते. आठवण राहावी असे वाटत असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत, जेथे दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहिला जातो, तेथेच त्या दिवसाचे एखादे वाक्य लिहावे. ‘मुंगीला बिस्किट देऊन तिच्याशी बोलला.’ चौकट लहान असल्यामुळे लांबण लागत नाही, आणि वर्षअखेरीस कालनिर्णय रद्दीत न टाकता ठेवण्याला कारण मिळते.

परतीची वाट

पाळणाघरातून किंवा बालवाडीतून घरी येण्याचे अंतर चालण्याजोगे असेल तर ते आठवड्यातून काही दिवस मुलाच्या पायांनी चालावे, कडेवर घेऊन नव्हे. पाच मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटे लागतील. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर गोगलगाई असतात, हात लावताच पैशासारखा गोल होणारा किडा असतो, लाजाळूची पाने असतात, डबके तर असतेच. उन्हाळ्यात बहाव्याचा पिवळा सडा आणि सावरीचा उडता कापूस. यांतले काहीही नसेल तर सोसायटीच्या वॉचमनकाकांना रोजचा ‘बाय’ असतो, इस्त्रीवाल्याच्या गाडीवरची कोळशाची इस्त्री असते आणि ड्रेनेजच्या झाकणाच्या भोकांत खडे टाकून ‘डुबुक’ ऐकणे असते. मूल जेथे थांबेल तेथे त्याच्या उंचीला येऊन, म्हणजे उकिडवे बसून पाहावे. उभ्याने दिसणारे आणि त्या उंचीवरून दिसणारे यांत पुष्कळ अंतर आहे. स्कूटरखाली झोपलेले मांजर उभ्याने दिसतच नाही.

वाहनांचा रस्ता असेल तर बोट सोडू नये, आणि थांबण्याच्या जागा आधीच ठरवून घ्याव्यात. ज्या रस्त्यावर पदपथच नाही, तेथे हा उद्योग करू नये.

हट्टाच्या वेळी

दोन ते साडेतीन या वयात मूल जमिनीवर आडवे पडून भोकाड पसरते, पाय आपटते, आणि कारण विचारावे तर केळे सोलताना मोडले एवढेच असते. या वेळी आनंद शोधण्याचा प्रयत्न करू नये. उफाळलेल्या भावनेला आवर घालणारा मेंदूचा भाग या वयात अगदी अपुरा विकसित असतो, आणि भूक, झोप किंवा गर्दी यांची भर पडली की मुलाचा स्वतःवर ताबा राहत नाही. ते आपल्याला त्रास देण्यासाठी हे करते, हा समज सोडला तरी अर्धा संताप ओसरतो. आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, जवळ बसावे, थोडके बोलावे, मागणी अयोग्य असेल तर ती मान्य करू नये आणि मारू नये. लोकांसमोर असलो तर लोकांकडे पाहू नये. त्यांच्यातील निम्म्यांनी हे स्वतः सोसलेले असते.

रडे उतरणीला लागले की हुंदके देत मूल बहुधा अंगाला येऊन चिकटते. त्या वेळी उपदेश सुरू करण्याचा मोह फार होतो. तो टाळून नुसते थोपटावे. ‘पुन्हा असे करशील का?’ या प्रश्नाला ते ‘नाही’ म्हणेल आणि उद्या पुन्हा करेल, हे दोघांनाही माहीत असते.

ज्या दिवशी निवडलेल्या कामाच्या वेळीच हट्ट उद्भवेल, त्या दिवशी ते काम सोडून द्यावे आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करू नये. सलग चार दिवस तसे झाले तर बहुधा कामाची वेळ चुकलेली असते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. दुपारी झोप न झालेल्या मुलाबरोबर साडेसात वाजता मेथी निवडणे हे कोणाच्याच हिताचे नाही.

घरातील इतर माणसे

बाबांनी ‘मदत’ करू नये. एक काम पूर्णपणे आपले करावे, म्हणजे अंघोळ घेतली तर पाणी तापवण्यापासून टॉवेल वाळत टाकण्यापर्यंत सगळे त्यांचे, आणि आईने दारातून सूचना देऊ नयेत. भारतात मातृत्व रजा 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली आहे, तर केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला 15 दिवसांची रजा मिळते आणि खासगी नोकरीतील पित्याला ती देण्याची कायद्याने सक्ती नाही. मुलाचे रडणे ओळखण्याचा सराव आईला आधी होतो तो पुष्कळसा यामुळे. बापाला तो नंतर मिळवता येतो, मात्र त्यासाठी तो आणि मूल यांच्यामध्ये तिसरे कोणी नसलेली वेळ रोज मिळावी लागते. साबण डोळ्यांत गेला तर जाऊ द्यावा, दोघेही शिकतात.

आजी-आजोबांचा वेग मुळातच मुलाच्या वेगाजवळ आलेला असतो. त्यांनाही एक काम त्यांच्या पद्धतीने करू द्यावे, मग ते अंगाला तेल चोळणे असो, तुळशीला पाणी घालणे असो किंवा तीच गोष्ट रोज त्याच शब्दांत सांगणे असो. त्यांची पद्धत आपल्या वाचनाशी जुळत नाही म्हणून दर वेळी टोकू नये. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र भीड धरू नये: एक वर्षाखालील बाळाला मध चाटवायचा नाही, कानात-नाकात तेल घालायचे नाही, हे आधीच स्पष्ट आणि नम्रपणे सांगावे. आजी दूर गावी किंवा मुले परदेशी असतील, तर व्हिडिओ कॉलवरही काम करावे. फोन डब्याला टेकवून ठेवावा, तिकडे आजीने आणि इकडे नातवाने एकाच वेळी लसूण सोलावा. ‘आजीशी बोल’ या आज्ञेपेक्षा ते किती तरी बरे चालते.

आनंद होतच नसेल तर

वेळ काढला, वेग सोडला, मोबाइल दूर ठेवला, तरी आत काहीच हलत नाही, मुलाकडे पाहून रडू येते किंवा काहीही वाटत नाही, झोप मिळत असूनही येत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर पद्धत बदलत बसू नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे, तो पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतो, वडिलांनाही नैराश्य येऊ शकते आणि त्यावर उपचार आहेत. घरातील मोठी माणसे ‘आम्ही नाही का चार मुले वाढवली’ असे म्हणतील; त्यांच्याशी वाद न घालता डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क असून तो चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगावे आणि एकटे राहू नये.

कामे केव्हा बदलावीत

दर तीन-चार महिन्यांनी निवडलेल्या कामांचा फेरविचार करावा. मूल कंटाळले, आपण कंटाळलो किंवा ते काम आता त्याला सहज जमू लागले, ही तीनही कारणे बदलण्यास पुरेशी आहेत. दीड वर्षाला पाण्याचा मग, अडीच वर्षाला मेथी, साडेतीनला मोज्यांच्या जोड्या लावणे, चार वर्षांनंतर पोळपाटावर स्वतःची पोळी लाटणे, असा क्रम ढोबळमानाने जमतो. ती पोळी जाड, एका कोपऱ्याला फाटलेली आणि हाताळून काळपट झालेली असते. ती शेकून, तूप लावून, त्याच्याच ताटात वाढावी आणि एक घास मागून घ्यावा. पहिलीत जाईपर्यंत, म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास, मूल दुकानदाराला स्वतः पैसे देऊन दह्याची पिशवी घेऊ शकते. त्या वेळी आपण दोन पावले मागे उभे राहावे, सुटे पैसे मोजताना दुकानदाराला घाई करू देऊ नये आणि पिशवी त्यालाच उचलू द्यावी.